कोरी स्लाइड

आमची लॅब डेक्कनजवळ. ऑगस्टात संध्याकाळी मायक्रोस्कोपला बसलं की नदीपात्रातला ढोल-ताशाचा सराव ऐकतच रिपोर्ट लिहावे लागतात. त्या दिवशी तो सुरू व्हायच्या आत मला घरी निघायचं होतं. पुढे जे झालं त्याला ही घाईच कारण.

केस सासवडच्या सहासष्ट वर्षांच्या आजींची. पाळी जाऊन पंधरा वर्षं झाली आणि आता पुन्हा रक्तस्राव, म्हणून क्युरेटिंग, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर खरवडून तपासणीला पाठवलेलं. आलेले तुकडे चिमूटभर. कमी पॉवरवर ग्रंथी बऱ्यापैकी नीटनेटक्या, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराचा साधा, सावकाश वाढणारा लो ग्रेड एंडोमेट्रिऑइड कॅन्सर असावा असं वाटायला लावणाऱ्या. चाळीसच्या लेन्सखाली मात्र केंद्रकं मोठाली, वेडीवाकडी, एकाचं दुसऱ्याशी जमेना. म्हणून पी५३ आणि आणखी दोन-तीन मार्कर लावले होते. पी५३ हे पेशीतलं एक प्रथिन; ते जिथे असतं तिथलं केंद्रक या तपासणीत तपकिरी दिसतं, नसेल तिथे निळं.

चारच्या सुमारास आमची रेसिडेंट ट्रे घेऊन आली. "मॅडम, पी५३ निगेटिव्ह आलंय. लो ग्रेडच लिहू ना?"

मी दुसऱ्या स्लाइडवरून डोळे न काढता "हं" म्हटलं. ते "हं" माझं, तिचा त्यात दोष नाही. रिपोर्टमध्ये निगेटिव्ह हा शब्द दिसला की आपल्याला बरं वाटतं, डॉक्टरांनासुद्धा.

चहा झाल्यावर सही करायला बसले आणि सवयीने ती स्लाइड पुन्हा लावली. ट्यूमरची केंद्रकं निळी, स्वच्छ निळी. तपकिरी रंगाचा एक ठिपका नाही. मग कडेला गेले. ट्यूमरच्या शेजारी वयोमानाने वाळलेली एक निरोगी ग्रंथी होती. तिच्यात एक केंद्रक फिकट तपकिरी, दोन निळी, एक जरा गडद. भोवतीच्या पेशींतही तसेच विखुरलेले ठिपके. म्हणजे डाग लागला होता, केमिकल ठीक होतं, आमच्या टेक्निशियन काकांनी स्लाइड नीटच केली होती. फक्त ट्यूमर कोरा होता, एकूण एक पेशी.

माझ्या पोटात गोळा आला. कारण निरोगी पेशीत पी५३ असं "थोडं इथे, थोडं तिथे" असतंच. हे प्रथिन पेशीचक्रावर लक्ष ठेवतं. डीएनएला इजा झाली की ते पी२१ नावाचं दुसरं प्रथिन तयार करवतं, पी२१ पेशीचक्र पुढे ढकलणाऱ्या सायक्लिन-सीडीके या प्रथिनांच्या जोड्या अडवतं आणि पेशी डीएनएची नक्कल करायच्या आधीच थांबते. दुरुस्ती झाली तर पुढे, नाहीतर पेशी स्वतःला संपवते. एरवी एमडीएम२ हे प्रथिन पी५३ला काही मिनिटांतच मोडीत काढत असतं, म्हणून साठा कायम कमी. जीनमध्ये एखादं अक्षर बदललं तर बहुतेक वेळा निकामी पी५३ मोडलं न जाता साचतं आणि स्लाइड गडद तपकिरी होते. ती कुणीही ओळखतं. पण जीन मध्येच तुटला तर प्रथिन तयारच होत नाही आणि स्लाइड कोरी राहते. बिघाड दोन्हीकडे तोच.

या प्रथिनाच्या बाबतीत फसगत काही नवी नाही. १९७९ साली ते सापडलं आणि पुढची दहा वर्षं ते कॅन्सर वाढवतं अशीच समजूत होती, कारण प्रयोगांतले नमुने मुळात बिघडलेले निघाले. १९८९च्या सुमारास उलगडा झाला की ते कॅन्सरला रोखतं. नावातलं ५३ हे वजनसुद्धा चुकीचंच; खरं वजन ४४ किलोडाल्टनच्या आसपास, पण प्रोलीन हे अमिनो आम्ल जास्त असल्यामुळे ते वजन मोजायच्या जेलमध्ये रेंगाळतं आणि जड वाटतं.

रेसिडेंटला बोलावून दुसऱ्या आयपीसवर बसवलं. "कडेची ग्रंथी बघ. आता मधे ये." ती मिनिटभर गप्प. मग म्हणाली, "मॅडम, हे निगेटिव्ह नाही, गायब आहे."

केंद्रकं तशी आणि पी५३ गायब, म्हणजे हा सीरस कार्सिनोमा, अस्तराच्या कॅन्सरचा आक्रमक प्रकार. हा कॅन्सर अस्तरावरच्या एखाद्या पॉलिपपुरता, छोट्या मोडापुरता दिसत असतानाही पोटात पसरलेला असू शकतो. सर्जन माझा बॅचमेट, त्याला लगेच फोन लावला.

"अगं, उद्या साडेआठला टेबलवर घेतोय. गर्भाशय काढून मोकळा होणार होतो."

"नको होऊस. ओमेंटम घे, नोड्स घे. सीरस आहे." ओमेंटम म्हणजे पोटातला आतड्यांवरचा चरबीचा पडदा, नोड्स म्हणजे लसिकाग्रंथी.

पलीकडे शांतता. मग, "रिपोर्ट?"

"पाच मिनिटांत."

दहाएक दिवसांनी नमुना आमच्याकडेच आला. गर्भाशयाच्या भिंतीत ट्यूमर जेमतेम शिरलेला. ओमेंटम हाताला मऊ, साधं. त्यातून घेतलेल्या एका तुकड्यात मात्र मोहरीएवढा ठिपका निघाला, तोच कॅन्सर. आजींना किमोथेरपी सुरू झाली. मुलगा रिपोर्ट न्यायला आला तेव्हा पिशवीभर सीताफळं ठेवून गेला. मला ती घेताना फार अवघडल्यासारखं झालं. त्या "हं"बद्दल त्याला काहीच माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात मी सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला. पी५३च्या रकान्यातून "पॉझिटिव्ह" आणि "निगेटिव्ह" काढून टाक, "सामान्य", "अतिरेकी" आणि "पूर्ण अभाव" असे तीन पर्याय घाल, म्हटलं.

"मॅडम," तो म्हणाला, "त्या ड्रॉपडाउनला दोनच ऑप्शन येतात."