पाचोळ्याखालचा वसंत

सावलीतल्या वाफ्याचा मालक मी नाही, त्यावर उभा असलेला मेपल आहे. ऊन कुणाला किती द्यायचं, ते तोच ठरवतो. त्याला पालवी फुटायच्या आधीचे काही आठवडे तेवढे जमिनीला मोकळे मिळतात. ट्राउट लिली आणि व्हर्जिनिया ब्लूबेल या रानफुलांना पानं, फुलं, बी असा सगळा संसार त्याच मुदतीत उरकायचा असतो. उन्हाळा लागला की ही रोपं जमिनीवरून नाहीशी. मग आपण ‘इथे रिकामंच आहे की’ म्हणून खुरपं घालायचं आणि झोपलेला कंद कापून निघायचा! दोनदा केलंय. आता काड्या रोवून ठेवतो.

पण खरी कसोटी पाचोळ्याची. पहिल्या वर्षी मी अंगणासारखा वाफा लख्ख झाडला. हिवाळाभर उघडी माती गोठून फुगत राहिली आणि लहान रोपं मुळांसकट वर आली. दुसऱ्या वर्षी पश्चात्तापाने एकही पान हलवलं नाही. मेपलची पानं भिजून एकावर एक अशी चिकटली, की ओल्या वर्तमानपत्रांचा गठ्ठाच. खाली हेपॅटिका या बुटक्या रानफुलाचे कोंब पिवळे पडले होते. ट्राउट लिली मात्र वाळलं पान सरळ भोसकून वर आली, ते गळ्यात कॉलरसारखं अडकवून. प्रत्येकाच्या अंगात एवढा जोर नसतो.

आता बरीचशी पानं गवत कापायच्या यंत्राखाली घालून चुरतो आणि पुन्हा वाफ्यावरच पसरतो. हेपॅटिकावरची हाताने उचलतो, दाताळं नाही. उरलेली एका ढिगात. तिथे काम बुरशीचं, त्यामुळे घाई नाही. वर्ष-दोन वर्षांनी काळी भुसभुशीत माती हाताला लागते. एक कोपरा तर मुद्दाम अस्ताव्यस्त ठेवलाय, पाचोळ्यात हिवाळा काढणाऱ्या पतंगांच्या कोशांसाठी. (आळसाला इतकं भारदस्त कारण क्वचितच मिळतं.)

ट्रिलियम बियांपासून केलं तर फूल यायला सात वर्षंही लागतात. ब्लडरूटच्या बीला एक तेलकट गोळा चिकटलेला असतो. मुंग्या त्यासाठी बी वारुळात ओढून नेतात, गोळा खातात आणि बी टाकून देतात. यंदा घराच्या पायरीच्या फटीत एक ब्लडरूट उगवलंय. माझ्या एकाही नकाशात ते नव्हतं. गेला पंधरवडा घरातले सगळे ती पायरी ओलांडून चढतोय.