रोल धुतो, पण आधी दोन प्रश्न विचारतो

बाबांचा स्टुडिओ सदाशिव पेठेत, एका वाड्याच्या तळमजल्यावर. पुढच्या खोलीत पासपोर्ट फोटो, मागे न्हाणीघर अडवून केलेली डार्करूम. मग आजीने आंघोळ कुठे करायची, यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. पोट भरायचं लग्नाच्या ऑर्डरींवर, पण बाबांचा जीव नाटकात. भरत नाट्य मंदिर चालत पाच मिनिटांवर. पुरुषोत्तम करंडकाचे, म्हणजे कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेचे दिवस आले की दुकान आईवर टाकून ते कॅमेरा घेऊन पहिल्या रांगेच्या कडेला जाऊन बसायचे.

नाटकात फ्लॅश चालत नाही. नट चिडतो, प्रेक्षक चिडतात, आणि प्रकाशयोजना करणाऱ्याने जे मेहनतीने उभं केलेलं असतं ते एका झटक्यात सपाट होतं. म्हणून जास्त वेगाचा ब्लॅक अँड व्हाइट रोल. बाबांच्या हाताला लागायचा तो पूर्व जर्मनीचा ऑर्वो एनपी २७, म्हणजे ४०० एएसए. एएसए हे रोलच्या वेगाचं माप; आकडा जितका मोठा तितका कमी प्रकाश पुरतो. कुणी परदेशातून कोडॅकचा ट्राय-एक्स आणून दिला तर घरात सण. छापायला कागद उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा, इंदू.

पण चारशेही पुरत नाही. अंधाऱ्या प्रवेशात लेन्स २.८ ला उघडली तरी शटर सेकंदाच्या १/१५ वर येतं. नटाने मान वळवली की चेहरा पुसला गेलाच. मग प्रकाश मोजणाऱ्या मीटरला खोटं सांगायचं, की रोल १६०० चा आहे. शटर १/६० वर जातं. हे दोन स्टॉप, म्हणजे दोनदा अर्धा केलेला प्रकाश, उधारीचे. ती उधारी डार्करूममध्ये फेडायची, रोल डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, जास्त वेळ ठेवून. याला रोल पुश करणं म्हणतात, आणि आमच्या धंद्याचा सगळा इतिहास या उधारीचाच आहे.

उधारी पूर्ण कधीच फिटत नाही. जास्त धुतल्यावर चेहरा, पांढरं धोतर असे उजळ भाग निगेटिव्हवर दाट होत जातात, दाणा जाडा होतो, कॉन्ट्रास्ट वाढतो. सावलीत जिथे प्रकाश पोचलाच नव्हता तिथे मात्र काही येत नाही. बाबा म्हणायचे, पेरलंच नाही तर पाणी घालून काय उगवणार?

म्हणून रोल टेबलावर ठेवला की ते गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारायचे. मीटर कितीवर ठेवला होता? आणि मागे पडदा कुठल्या रंगाचा होता? दुसऱ्या प्रश्नाला लोक हसायचे. पण मागे काळा पडदा असला की मीटर फसतो, त्याला वाटतं फारच अंधार आहे, आणि तो चेहऱ्यावर गरजेपेक्षा जास्त प्रकाश घेतो. म्हणजे गिऱ्हाईक सांगतो १६००, चेहऱ्यापुरतं ते प्रत्यक्षात ८०० असतं. पूर्ण १६०० चं धुतलं तर नायिकेचा चेहरा खडूसारखा. खात्री नसली तर बाबा अंधारात रोलच्या टोकाची दोन-तीन चित्रं कापून तेवढीच आधी धुवायचे. गिऱ्हाइकाला हे आधी सांगून ठेवायचं, नाहीतर भांडण.

मी धंद्यात आलो तेव्हा डी-७६ हा डेव्हलपर घरीच बनवत होतो. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. चिमूटभर सल्फाइट टाकून आधी मेटॉल विरघळवायचा; सल्फाइट सगळं ओतून बसलात तर मेटॉल विरघळतच नाही. हा कागद अजून भिंतीला चिकटवलेला आहे, तपकिरी डागांसकट.

आमची सगळ्यात मोठी चूक याच बाटलीतली, आणि ती माझी. डिजिटल आलं, लग्नं गेली, महिन्यात चार रोल यायचे. काटकसर म्हणून मी तेच डी-७६ पुन्हा पुन्हा वापरत राहिलो. एका मंडळाच्या शेवटच्या प्रयोगाचे दोन रोल त्यात घातले, पुश करायचे. निगेटिव्ह इतकी फिकी निघाली की उजेडात धरून शोधावी लागत होती. प्रयोग शेवटचा, परत होणार नव्हता. पैसे परत केले, त्यांनी घेतले नाहीत, ते जास्त लागलं. तेव्हापासून पुश करायच्या रोलला डेव्हलपर ताजा, आणि एकदा वापरला की गेला. हायपो, म्हणजे धुतलेला रोल पक्का करायचं द्रावण, मात्र साठवतो; त्यात उतरलेली रोलची चांदी काढणारा माणूस अजून डबे न्यायला येतो.

मधली काही वर्षं झेरॉक्स आणि लॅमिनेशनवर काढली. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

कोडॅकने २०१२ मध्ये टी-मॅक्स पी३२०० हा वेगवान रोल बंद केला तेव्हा मला वाटलं, संपलं. २०१८ मध्ये तोच रोल परत आला, आणि तोवर आजोबांचे कॅमेरे घेऊन पोरंपोरी आमच्या पायरीवर यायला लागली होती. त्यांना पहिल्याच दिवशी सांगतो, डबीवर ३२०० लिहिलंय म्हणून तो खरा तेवढा नाही. इंग्लंडच्या इल्फर्डच्या डेल्टा ३२०० चाही खरा वेग हजाराच्या आसपास, पुढचं सगळं पुशच. बहुतेकांना इल्फर्डचाच ४०० चा एचपी५ प्लस घ्यायला लावतो. मायक्रोफेन या डेव्हलपरमध्ये २० अंशांना तो ४०० साठी साडेसहा मिनिटं, १६०० साठी अकरा, ३२०० साठी सोळा.

२० अंश हे इंग्लंडात नळाला येत असतील. आमच्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहाला चालेल असं. बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बादलीत सोडतो, म्हणजे वितळून डेव्हलपर पातळ होत नाही. बर्फ नाही मिळाला तर २४ वर धुऊन अकराची आठ मिनिटं करतो, पण त्याहून खाली जायला हात धजत नाही. वेळ फार कमी झाला की रोल डागाळतो.

बाहेरगावचे रोलही येतात. विमानाने येणाऱ्यांना सांगतो की रोल हातातल्या बॅगेत ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. जितका वेगवान रोल तितकं एक्स-रेचं धुकं त्यावर लवकर बसतं.

आता पुन्हा करंडकाचे दिवस आलेत. पावसात धूळ नसते हे सुख, पण हात घामट, रोल रीळात सरकतच नाही, अर्ध्यावर अडकतो. आणि धुतलेले रोल वाळत नाहीत. कपाटात साठचा बल्ब लावून टांगलेत, सतरा आहेत. आजीच्या नातसुना विचारतायत की कपाट कधी रिकामं होणार.