सिग्नलवर तापते, वर्धा रोडवर तापत नाही : माझा अनुभव

गॅरेजमध्ये जाऊन नुसतं "गाडी तापते" म्हटलं तर जो तो आपल्या अंदाजाने खर्च सांगतो. गाडी कधी तापते हे नीट सांगितलं तर अर्धं निदान तिथंच होतं. यंदाच्या मे महिन्यात नागपुरात मला हे फार चांगलं कळलं.

माझी साधी पेट्रोल हॅचबॅक आहे. बुटीबोरीपर्यंत वर्धा रोडने भर दुपारी न्या, तापमानाचा काटा मधोमध. पण व्हरायटी चौकात दोन सिग्नल अडकलं की काटा वर सरकायला लागायचा. एकदा आईला धंतोलीत डॉक्टरकडे नेत होतो. तिथल्या अरुंद रस्त्यांवर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या आणि काटा लाल पट्टीला टेकला. एसी बंद केला, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल केला. बाहेर ४४ अंश, आत हीटर. आईचे हाल झाले, पण काटा थोडा उतरला. इंजिन थंड ठेवायला त्यात कूलंट नावाचं द्रव फिरतं आणि हीटरही त्याच गरम कूलंटवर चालतो, त्यामुळे तेवढी उष्णता इंजिनातून बाहेर पडते. जागा मिळताच बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. रेडिएटरचं (ज्या जाळीत कूलंट थंड होतं तिचं) झाकण मात्र उघडलं नाही. आत दाब असतो म्हणूनच कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

पहिल्या गॅरेजने बॉनेट उघडून पाहिलं आणि हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधली सीलपट्टी) गेलं, इंजिन खोलावं लागेल, असं सांगितलं. तपासणी काहीच केली नाही. मला ते पटेना. गॅस्केट गेलं की बहुधा कूलंट घटतं, ऑईलमध्ये मिसळतं किंवा धुरातून जातं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर मीच पाहिलं. कूलंटची पातळी खुणेवर होती आणि आधीच्या आठवड्यांतही कमी झाली नव्हती. डिपस्टिकवर (ऑईल मोजायच्या पट्टीवर) ऑईल स्वच्छ, दुधाळ अजिबात नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. शिवाय गॅस्केट किंवा थर्मोस्टॅटचा (कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेचा) दोष असता तर बहुधा इंजिनवर जोर येतो तिथे, म्हणजे हायवेवर वेगात आणि चढावर, गाडी आधी तापली असती. माझं नेमकं उलट होतं.

आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे गॅरेजवाल्याने लक्षच दिलं नाही. सिग्नलवर उभं राहिलं की एसीही कोमट हवा फेकायचा, गाडी निघाली की पुन्हा थंड. मला या दोन वेगळ्या तक्रारी वाटत नव्हत्या. एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, म्हणजे कंडेन्सर, रेडिएटरच्या अगदी पुढे असतो, आणि गाडी उभी असताना दोघांनाही हवा देतो तो एकच पंखा. वेगात असताना समोरून येणारा वारा पंख्याचं काम करतो.

हे सगळं घेऊन सक्करदऱ्याच्या बाजूच्या एका जुन्या मेकॅनिक काकांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चालती गाडी थंड राहते ना भाऊ? मग गॅस्केटच्या मागे कायले लागता? पहिले पंखा पाहू." इंजिन चालू करून एसी लावायला सांगितला. माझ्या गाडीत एसी लावताच रेडिएटरचा पंखा फिरायला हवा. आम्ही दोघं वाकून बघत होतो, पंखा ढिम्म.

फ्यूज ठीक होता. पंख्याचा रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच) शेजारच्या त्याच नंबरच्या रिलेशी अदलाबदल करून पाहिला, फरक नाही. मग पंख्याच्या मोटरचा प्लग काढून टेस्ट लॅम्प (करंट तपासायचा दिवा) लावला, तो लख्ख पेटला. म्हणजे करंट मोटरपर्यंत येतोय, मोटरच उचलत नाही. प्लग परत बसवला आणि काकांनी पान्याच्या मागच्या टोकाने मोटरच्या पाठीवर हलकेच ठोकलं. पंखा कण्हत कण्हत फिरायला लागला, आणि थोड्या वेळाने पुन्हा थांबला. "कार्बन संपले हिचे," काका म्हणाले. आतले कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश, झिजले की मोटर कधी चालते, कधी नाही. त्यामुळेच सुरुवातीला गाडी एखाद्या दिवशी तापायची आणि दुसऱ्या दिवशी ठीक असायची. (पंखा असा अचानक सुरू होतो, म्हणून तपासताना हात आणि ओढणी-दुपट्टा लांबच ठेवा.)

मोटर नवीनच टाकली. जुनीत कार्बन बदलून मिळत होते, पण बेअरिंगही आवाज करत होतं. पंख्याचा सांगाडा काढलाच होता तेव्हा कंडेन्सरही थोडा पुढे सरकवला, आणि मधल्या फटीत जे दिसलं ते पाहून मी गप्पच झालो. धूळ, मेलेले किडे आणि सावरीचा कापूस, सगळ्याचा मिळून नमद्यासारखा थर जाळीवर बसला होता. समोरून कितीही वाकून पाहिलं तरी हे दिसत नाही. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, साध्या पाइपच्या धारेने धुतलं. वॉशिंगवाल्याच्या जोराच्या धारेने जाळीची नाजूक पाती वाकतात.

कूलंटही बदललं. इथे एक कळकळीने सांगतो: आपल्याकडचं बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतू नका. घरच्या नळाच्या तोटीवर जो पांढरा थर धरतो, तोच आत धरतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट एवढंच. भरताना हीटर गरमवर ठेवून इंजिन चालू ठेवलं, बुडबुडे येणं थांबेपर्यंत.

संध्याकाळी मुद्दाम इतवारी आणि गांधीबागच्या गर्दीत गाडी घातली, एसी लावून. ठेले, रिक्षा, माल उतरवणारे टेम्पो, गाडी जागची हलत नव्हती. बॉनेटखालून पंख्याचा आवाज यायचा, थांबायचा, परत यायचा. काटा मधोमध आणि एसी थंडगार. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर कूलंट किंचित खाली गेलेलं दिसलं. आत अडकलेली हवा निघाली की असं होतं. तेवढं भरलं, त्यानंतर पातळी हललेली नाही.