मोठा फोन, चाळिशी आणि दहा रुपयांची आठ नाणी

सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मेसेज आला की मेंटेनन्सची रक्कम १० तारखेच्या आत भरणे अनिवार्य आहे, आणि मी तो "मरणे अनिवार्य आहे" असा मोठ्याने वाचून दाखवला. तेव्हापासून घरात ठराव पास झालाय की हिला आता मोठ्या स्क्रीनचा फोन घेऊन द्या. मुलगी मात्र वेगळ्या पार्टीची, ती म्हणाली "आई, तुला फोन नको, चष्मा हवाय". चष्मा आहे गं बाई, पर्समध्ये आहे, पण सोसायटीचे मेसेज वाचायला प्रत्येक वेळी कोण पर्स उपसणार.

आता यात माझी एकटीची चूक नाही हां. देवनागरीत भ आणि म, ध आणि घ यांच्यात फरक काय, तर वरच्या रेघेत डावीकडे एक बारीकशी फट. ती फट छोट्या अक्षरात आणि चाळिशी लागल्यावर दिसतच नाही, सरळ बुजून जाते. इंग्रजी मेसेज मी अजून बिनचष्म्याचा रेटते, मराठी आला की फोन लांब धरते, मग आणखी लांब, मग हात संपतो.

तर फोन घ्यायचा का, हा विषय. सध्याचा माझा ६.१ इंचाचा आहे, १६८ ग्रॅमचा, चालतो व्यवस्थित, फक्त बॅटरी संध्याकाळी ठाण्याहून निघेपर्यंत मान टाकते. भाच्याला विचारलं तर तो म्हणाला "मावशी, आता सहा पॉइंट सात हेच नॉर्मल आहे, तुझा फोन म्हणजे छोट्यातला छोटा". आणि ते खरंच आहे. वीस-तीस हजारात दुकानात जे काय मांडलेलं असतं ते सगळं साडेसहा इंचाच्या वर, लहान मागितला तर दुकानातला मुलगा असा बघतो की जणू मी पेजर मागितला.

हे कसं झालं बघा. पहिला आयफोन २००७ चा, ३.५ इंची. २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्जने भर पत्रकार परिषदेत मोठ्या फोनांची टर उडवली होती की हातात मावत नाहीत, कोण घेणार असले. पुढच्याच वर्षी सॅमसंगने ५.३ इंचाचा गॅलेक्सी नोट आणला, लोक हसले, आणि हसता हसता घेतले. २०१४ ला ॲपलचाच ५.५ इंची सिक्स प्लस आला. मग २०२० आणि २०२१ ला त्यांनी ५.४ इंचाचे मिनी काढून बघितले, माझ्यासारख्या बायकांना वाटलं चला आपला वाली कोणीतरी आहे, पण २०२२ ला मिनी गायब आणि त्याच्या जागी पुन्हा प्लस. म्हणजे लहान फोन हवा म्हणणारे खूप आणि प्रत्यक्षात घेणारे थोडे, असंच झालं असणार. मी पण नव्हताच घेतला म्हणा, किंमत बघून.

मी अकाउंट्समध्ये काम करते, त्यामुळे कोणी आकडा फेकला की तो तपासल्याशिवाय मला झोप लागत नाही. सहा पॉइंट सात इंच म्हणजे नक्की काय? तर तो कर्ण आहे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजलेला. आणि इथेच सगळी गंमत आहे. ड्रॉवरमध्ये २०१७ चा माझा जुना फोन पडलाय, ५.५ इंची, तेव्हा स्क्रीनच्या लांबी-रुंदीचं प्रमाण १६:९ असायचं म्हणजे जरा आडव्या अंगाची. मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली आणि मोजलं, स्क्रीनची रुंदी भरली साडेअडुसष्ट मिलिमीटर. मग बाबांना घेतलेला ६.७ इंची, २०:९ वाला, त्याची रुंदी गणिताने काढली तर सत्तरला जरा कमी. परत एकदा वाचा. ५.५ आणि ६.७, कागदावर सव्वा इंचाच्या आसपास फरक, आणि रुंदीत फरक दीड मिलिमीटरचासुद्धा नाही! फोन वाढले ते उंचीला वाढले. आणि मजकुराची ओळ तर रुंदीत बसते, उंचीत नाही.

माझ्या ६.१ ची रुंदी ६५ मिमी धरा. म्हणजे मोठा घेतला तर ओळीला पाच मिलिमीटर जास्त मिळणार, सात-आठ टक्के. एका स्क्रीनवर ओळी जास्त दिसतील हे मान्य, स्क्रोल कमी करावं लागेल, पण ओळीत शब्द तेवढेच ठेवायचे तर भ वरची फट सात-आठ टक्क्यांनीच मोठी होणार. तेवढ्यासाठी तीस हजार? साध्या अँड्रॉइडमध्ये सेटिंगमध्ये जाऊन फॉन्टचा स्लायडर एक घर पुढे सरकवला की अक्षर साधारण १५ टक्के वाढतं, फुकटात. व्हॉट्सॅपमध्ये तर चॅट्समध्ये जाऊन वेगळा फॉन्ट साइज आहे, तो कित्येकांना माहीतच नसतो, आधी तो लार्ज करा आणि मग फोनच्या दुकानात जा.

व्हिडिओचंही तेच. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ १६:९ चे, फोन आडवा केला की दोन्ही बाजूंना काळे पट्टे. ६.७ इंची फोनवर प्रत्यक्ष चित्र दिसतं ते साधारण ५.६ इंचाचं, माझ्या फोनवर ५.२ चं. बोटांनी ताणून पट्टे घालवता येतात, पण मग वरखालचं कापलं जातं आणि रेसिपीत नेमकं खाली लिहिलेलं प्रमाणच जातं. जुना ५.५ वाला मात्र ५.५ च्या ५.५ दाखवायचा. आपण काय मोजून पैसे देतोय ते कोणी बघतच नाही.

आता दुसरी बाजू, मी काही मोठ्या फोनची वैरीण नाही. फॉन्ट वाढवला की भानगडी होतात हे खरं आहे. बँकेच्या ॲपमध्ये "पुढे" चं बटण स्क्रीनच्या खाली पळून गेलं आणि मी दहा मिनिटं तिथेच. कीबोर्ड उघडला की अर्धी स्क्रीन त्यानेच खाल्लेली असते, त्यात मोठं अक्षर म्हणजे आपण काय लिहितोय त्याच्या दोनच ओळी दिसतात. उंच स्क्रीनला तिथे फायदा आहेच. ए-फोर साइजचं बिल पीडीएफमध्ये आलं तर मात्र ६५ मिमी काय आणि ७० मिमी काय, चिमटीने मोठं करावं लागतंच, २१० मिमीचा कागद आहे तो.

आणि बाबा. त्यांना गेल्या दिवाळीत मोठा घेऊन दिला तो अगदी बरोबर निर्णय होता. सांगलीला असतात, पंचाहत्तरी झाली, फोन टेबलावर स्टँडला टेकवून ठेवलेला असतो. ते पेपर वाचतात, नातवंडांशी व्हिडिओ कॉल करतात, एका बोटाने हळूहळू टाइप करतात आणि फोन घराबाहेर फारसा नेतच नाहीत. खिशात मावतो का, एका हातात धरता येतो का, हे प्रश्नच येत नाहीत. फॉन्ट सगळ्यात मोठा आणि तरी सगळी बटणं जागेवर, कारण उंची आहे. अशा माणसाने डोळे झाकून मोठा घ्यावा.

माझं आयुष्य डोंबिवली ते ठाणे लोकलमध्ये जातं. एक हात वरच्या कडीला, खांद्यावर पर्स, दुसऱ्या हातात फोन, आणि त्या एका हाताच्या अंगठ्याने जे होईल तेच. स्क्रीनच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली तीन रेघांची खूण माझ्या आत्ताच्या फोनवरच मला पोचत नाही, मोठ्यावर तर आधी फोन हातात खाली सरकवायचा, करंगळीचा टेकू द्यायचा, तेवढ्यात गाडीने झटका मारला की संपलं. वन हँड मोड असतो, स्क्रीन खाली ओढून आणतो, पण मग मोठी स्क्रीन घेऊन ती लहान करून वापरायची हे काय झालं? दारात उभं राहून तर फोन काढूच नये, फटका मारून पाडणारे रुळाच्या कडेला उभेच असतात, ढिल्या पकडीतला मोठा फोन त्यांना आयताच.

खिशांबद्दल बोलायला नको. बायकांच्या कुर्तीला खिसा असलाच तर त्यात लोकलचा पास आणि एक रुमाल. मोठ्या फोनची लांबी १६०-१६२ मिमी, जीन्सच्या खिशातून निम्मा बाहेर. नवऱ्याचा शर्टाच्या खिशात असतो, आणि लग्नात कोणाच्या पाया पडायला वाकला की आधी फोन पाया पडतो.

वजनाचा अंदाज दुकानात येत नाही, तिथे फोन वायरीने बांधलेला असतो आणि आपण अर्धा मिनिट धरतो. म्हणून मी घरीच प्रयोग केला. दोनशे ग्रॅमचा मोठा फोन आणि तीस ग्रॅमचं कव्हर धरलं तर २३० ग्रॅम. माझा बिनकव्हरचा १६८, फरक बासष्टचा. दहा रुपयाचं नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे आठ नाणी लावली की बासष्ट ग्रॅम, जमलं. देवापुढच्या डब्यातून आठ नाणी घेतली, पुठ्ठ्याच्या पट्टीवर चिकटपट्टीने लावली आणि रबरबँडने फोनच्या पाठीला बांधली. पुठ्ठा मुद्दाम मोठ्या फोनच्या मापाचा कापला होता, १६२ बाय ७६. नवरा म्हणाला "हे काय, फोनला बाशिंग बांधलंस का?" म्हणू दे.

ते बाशिंग घेऊन रात्री आडवं पडून वाचत बसले. पहिली पाच मिनिटं काही वाटलं नाही. मग करंगळीच्या पेराशी रग लागायला लागली, मग मनगट, मग कूस बदलली, मग दोन्ही हात, आणि डुलकी लागली तेव्हा सगळं थेट नाकावर. नाणी सुटून गादीवर पसरली ती वेगळीच. बासष्ट ग्रॅम म्हणजे कागदावर काहीच नाही, पण तो भार सगळा एका करंगळीवर येतो. टेबलावर टेकवून वापरला तेव्हा मात्र काहीच त्रास नाही, तेच बाबांचं.

पैसे दिले तर वजन पण कमी होतं म्हणा. आयफोन एअर ६.५ इंची असून १६५ ग्रॅमचा आहे, माझ्या फोनपेक्षा हलका. सॅमसंगचा घडीचा झेड फोल्ड सेव्हन उघडला की ८ इंच, वजन २१५, आणि किंमत निघाली तेव्हा १,७४,९९९ रुपये. दुकानातला म्हणाला "मॅडम, नो कॉस्ट ईएमआय आहे ना". नो कॉस्ट म्हणजे काय ते मी त्याला सांगितलं: व्याज बँक लावतेच, ते आधी डिस्काउंट म्हणून किमतीतून वजा करून दाखवतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी माझ्याच कार्डावर पडतो आणि बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी वेगळी. फोनवर १८ टक्के आधीच आहेत, एप्रिल २०२० च्या आधी १२ होते. तो बिचारा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

राहिला बॅटरीचा मुद्दा. पूर्वी मोठ्या फोनच्या बाजूने हा सगळ्यात भक्कम मुद्दा होता, अंग मोठं म्हणून बॅटरी मोठी. आता सिलिकॉन-कार्बन प्रकारच्या बॅटऱ्या आल्यात, तेवढ्याच जागेत जास्त चार्ज मावतो. २०२५ मध्ये आलेला वनप्लस १३एस ६.३२ इंचाचा आणि बॅटरी ५८५० एमएएच, विवो एक्स२०० एफई त्याच मापाचा आणि ६५०० एमएएच, दोन्हींचं वजन १८५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे बॅटरीसाठी मोठा फोन घ्यायची गरज उरली नाही. आणि माझी अडचण तर बॅटरी जुनी झाली एवढीच आहे, फोनला अपडेट अजून येतायत, सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी बदलून मिळते, फोनच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ.

म्हणून नाही घेत आहे. बॅटरी बदलते, फॉन्ट एक घर पुढे सरकवलाय, चष्मा पर्समधून काढून ड्रेसला अडकवायला दोरी आणलीय, त्यावरून मुलीने "आई तू शाळेतल्या बाईंसारखी दिसतेस" म्हणून घेतलं. सासूबाईंचा फोन कधीतरी बदलावा लागेल तेव्हा त्यांना मात्र ६.७ च घेणार, स्टँडसकट.

पुढे कधी घ्यायचाच झाला तर अट ठरवून ठेवलीय, इंच नाही विचारायचे, अख्ख्या फोनची (नुसत्या स्क्रीनची नाही) रुंदी ७२ मिमीच्या आत आणि वजन १९० ग्रॅमच्या आत. भाच्याला ती अट पाठवली, म्हटलं यात तीस हजारापर्यंत काय मिळेल ते शोधून ठेव. त्याचं उत्तर आलं, "मावशी, लहान फोन हवा असेल तर बजेट मोठं कर".