कनवटीला पिस्तूल, मग किल्ल्या कुठं ठेवायच्या?

सासूबाई इकडं ह्यूस्टनला आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. कपडे मशीनला लावायच्या आधी त्यांनी सवयीनं लेकाच्या पँटचे खिसे चाचपले आणि मला म्हणाल्या, अगं ह्याचा उजवा खिसा नेहमी रिकामाच कसा गं? किल्ल्या, फोन, पाकीट सगळं डावीकडंच कोंबलेलं. मी काय सांगणार, म्हटलं इकडं येऊन जरा डावखुरा झालाय तो. दोन दिवस खपलं ते. तिसऱ्या दिवशी त्यानं वरच्या कप्प्यातली डबी काढायला हात वर केला, टीशर्ट वर सरकला आणि कमरेचं काळं मुठीचं टोक दिसलं.

तर हो, आमचा नवरा पिस्तूल घेऊन फिरतो. म्हणजे लपवून, शर्टाखाली, पँटच्या आत होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात. एच-वन व्हिसावर होतो तोपर्यंत प्रश्नच नव्हता, त्या व्हिसावर फेडरल कायद्यानं बंदूक बाळगता येत नाही, शिकारीचं लायसन्स वगैरे अपवाद सोडले तर. ग्रीन कार्ड झालं आणि ह्याच्या अंगात टेक्सास संचारलं. १ सप्टेंबर २०२१ पासून इथं २१ वर्षांवरच्या बहुतेक लोकांना लायसन्सशिवायही पिस्तूल बाळगता येतं, पण दुसऱ्या राज्यात चालावं म्हणून त्यानं एलटीसी, म्हणजे पिस्तूल बाळगायचं टेक्सासचं लायसन्स, काढलंच. क्लासला मीपण बसले होते, बघू तरी काय शिकवतात म्हणून. शेवटी ५० गोळ्यांची परीक्षा असते, ३, ७ आणि १५ यार्डांवरून, २५० पैकी १७५ मार्क हवेत. मी पास झाले, हे मी मुद्दाम सांगतेय.

पण क्लासमध्ये खिशांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, आणि खरा घोळ तिथंच आहे. ह्याचं पिस्तूल छोटंसं आहे, सिग पी ३६५, रिकामं असताना अर्धा किलोच्या आसपास. लोक ते कमरेवर कुठं आहे हे घड्याळाच्या काट्यांनी सांगतात, बेंबी म्हणजे बारा, उजवा कूल्हा म्हणजे तीन. ह्याचं चारला असतं. आता चारच्या बरोबर खाली काय येतं तर मागचा उजवा खिसा, जिथं कॉलेजपासून ह्याचं पाकीट आहे. बसलं की पाकीट वर ढकलतं, होल्स्टर बरगडीत घुसतं, कारमध्ये तर विचारू नका. म्हणून पहिलं स्थलांतर पाकिटाचं, पुढच्या डाव्या खिशात. मग किल्ल्या, कारण उजवा हात मोकळा पाहिजे, ऐनवेळी तो खिशात किल्ल्या शोधत बसला तर कमरेला अर्धा किलो बांधून उपयोग काय. मग त्याच न्यायानं फोन. आणि दुधाचा गॅलन, भाजीच्या पिशव्या हेसुद्धा डाव्या हातात, उजव्या हातात फार तर पोरीचं बोट. जाड ताठ पट्टा आला, त्याशिवाय पँट एका बाजूनं लोंबते, आणि सगळ्या पँटी दोन इंच मोठ्या घ्याव्या लागल्या. दिवाळीचा फराळ खाऊन कंबर वाढल्यासारखं झालं.

ह्याचा एक मित्र त्यापेक्षा बारकं पिस्तूल पुढच्या खिशातच ठेवतो. त्याचा नियम एकच, त्या खिशात दुसरं काहीही नाही. नाणं नाही, पेन नाही, चुइंगमसुद्धा नाही, कारण ट्रिगरच्या कडीत किल्ली घुसली की संपलंच. शिवाय ट्रिगर झाकणारं खिशातलं वेगळं होल्स्टर हवंच. पब्लिक बाथरूमचं एक वेगळंच प्रकरण असतं, पिस्तूल होल्स्टरमधून बाहेर काढायचं नाही आणि दाराच्या हुकला तर मुळीच अडकवायचं नाही, लोक तिथं विसरून येतात म्हणे, छत्री विसरावी तसे.

पाकिटाची गंमत मला सुरुवातीला गंमतच वाटायची. मग फिलँडो कॅस्टिल नावाच्या एकाबद्दल वाचलं. ६ जुलै २०१६, मिनेसोटात सेंट पॉलजवळ पोलिसांनी गाडी थांबवली, त्यानं स्वतःहून सांगितलं की माझ्याकडं बंदूक आहे, परमिट होतं त्याच्याकडं. कागदपत्रं काढायला हात हलला आणि पोलिसानं सात गोळ्या झाडल्या. गाडीत मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. पुढच्या वर्षी तो पोलिस निर्दोष सुटला. तेव्हापासून पाकीट आणि पिस्तूल एका बाजूला नको हे मीच ह्याला दहादा बजावते. मागं एकदा २९० नंबरच्या हायवेवर स्पीडसाठी आम्हाला पोलिसानं थांबवलं तेव्हा ह्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून आधी सांगितलं की उजव्या कमरेला पिस्तूल आहे, पाकीट डाव्या खिशात आहे, काढू का? पोलिस म्हणाला काढा, पण सावकाश. मी शेजारी बसून मारुतीस्तोत्र म्हणत होते, निम्मं विसरलं.

एवढं सगळं डावीकडं मावत नाही हे उघडच आहे. मग उरलेलं कुठं जातं? माझ्या पर्समध्ये! गॉगल, गॅरेजचा रिमोट, सुपारीची डबी, त्याच्या ऑफिसचं कार्ड. बायकांच्या पँटला आधीच खिसे नावाला असतात, त्यात हा भार. बरेच जण मला म्हणाले तू पण घे एक छोटं, पर्समध्ये ठेव, खास कप्प्याच्या पर्स मिळतात. मी नाही म्हटलं. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या हेडन गावच्या वॉलमार्टमध्ये एका बाईच्या पर्समध्ये असंच पिस्तूल होतं, खास कप्प्यात, चेन लावलेलं. कार्टमध्ये बसलेल्या तिच्या दोन वर्षांच्या पोरानं चेन उघडली आणि आई जागच्या जागी गेली. माझी पोर दिवसातून दहा वेळा माझ्या पर्समध्ये चॉकलेटसाठी हात घालते. विषय संपला.

सासूबाईंना हे सगळं सांगितलं तर मला वाटलं रडारड होईल. त्या साताऱ्याकडच्या, सासऱ्यांकडं पिकाच्या राखणीसाठी बारा बोअरची बंदूक होती, निवडणूक आली की पोलिस स्टेशनात जमा करून पावती आणायची. त्यामुळं बंदुकीचं नवल नव्हतं, ती खिशात घेऊन बाजाराला जायचं नवल होतं. थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, आमच्या सासूबाई नऊवारीत पैसे कनवटीला आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचायच्या, दोन्ही डावीकडंच. उजवा हात कामाला मोकळा पाहिजे म्हणायच्या. पण त्यांच्या कनवटीला काय होतं, आणि ह्याच्या काय आहे!

मग गणपती आले. मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता आणि शाळेत पिस्तूल न्यायचं नाही, त्यामुळं ते घरच्या तिजोरीत. तसंही झब्बा घालून वाकून नमस्कार केला असता तर अख्ख्या मंडळाला दर्शन झालं असतं. आरतीनंतर मी प्रसादाची पुडी मुद्दाम ह्याच्या उजव्या खिशात टाकली, म्हटलं आज तरी तो खिसा वापर. घरी येऊन कपडे धुवायला काढले तर पुडी डाव्या खिशात, फोनखाली चेपून पार पीठ झालेली.