साताऱ्याहून सोलंगला : आमचा स्कीइंगचा दिवस, आणि जाणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही साताऱ्यातले आठ जण मनालीजवळच्या सोलंगला जाऊन आलो, आणि आल्यापासून रोज कोणीतरी विचारतंय की कसं गेलात, पोरांना जमतं का, वयस्कर माणसांना नेलं तर चालतं का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आम्ही म्हणजे मी, आमचे मिस्टर, लेक नववीतली, पोरगा पाचवीतला, सासूबाई, माझी शाळेपासूनची मैत्रीण, भाओजी आणि मैत्रिणीचे सासरे, ज्यांना आम्ही सगळेच आप्पा म्हणतो. आप्पा अपशिंगे मिलिटरीचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीतनं सुभेदार म्हणून रिटायर झालेले, नोकरीतली काही वर्षं बर्फात काढलेली. बाकी आमच्यापैकी कोणीच बर्फ पाहिलेला नव्हता. पाहिलेला म्हणजे काय तर महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठावर कडाक्याच्या थंडीत गवतावरचं दव गोठतं ते, आणि तेही पहाटे पोचलात तर.

आधी जायचं कसं ते. आम्ही गोवा एक्सप्रेसनं गेलो, ती मिरज, सांगली, सातारा करत थेट दिल्लीला हजरत निजामुद्दीनला जाते, त्यामुळं सांगलीकरांनाही सोयीची. रात्री माहुलीला आपल्या स्टेशनवर बसायचं, दुसरा अख्खा दिवस गाडीत, तिसऱ्या दिवशी सकाळी दिल्ली. पण जानेवारीत उत्तरेत धुकं असतं आणि गाड्या तासन्‌तास लेट होतात, त्यामुळं मनालीची व्हॉल्वो दुपारची वगैरे अजिबात बुक करू नका, संध्याकाळचीच करा. आमची गाडी चार तास लेट झाली आणि तरी बस चुकली नाही ती एवढ्यासाठीच. दिल्लीहून मनाली रात्रभराचा प्रवास आहे, सव्वापाचशे किलोमीटरच्या आसपास, शेवटचा टप्पा घाटाचा, ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी बस सुटायच्या आधी घ्यायची, घाट सुरू झाल्यावर नाही.

मनाली साधारण दोन हजार मीटरवर आणि सोलंग अडीच हजारांच्या आसपास. म्हणजे महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट उंची. त्यामुळं पोचल्या दिवशी काही करू नका, जेवा, पाणी प्या आणि झोपा. आम्ही तेवढं पाळलं.

आता जे चुकलं ते सांगते, कारण मला हे सगळं लिहायचंय ते मुख्यतः त्याच्यासाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सीवाल्यानं आम्हाला मनाली-सोलंग रस्त्यावरच्या एका कोट-बुटाच्या दुकानात नेलं (सगळ्या दुकानांना नंबर असतात आणि बहुतेक ड्रायव्हरांचं आपलं ठरलेलं दुकान असतं), तिथंच स्कीइंगचं पॅकेज घ्यायला लावलं, स्की (बुटाखाली लावायच्या लांब पट्ट्या), बूट, माणूस, फोटो, व्हिडिओ सगळं त्यात. वर गेल्यावर कळलं की पॅकेज म्हणजे एक पोरगा तुम्हाला हाताला धरून पंधरा-वीस फूट ओढत नेणार, सोडणार, पुढं दुसरा पोरगा पकडणार, फोटो काढणार, झालं, पुढचा नंबर. वीस मिनिटांत आमचे सगळे आटोपले. माझ्या लेकीला त्यांनी सोडलं तेव्हा तिला थांबायचं कसं हे कोणी सांगितलंच नव्हतं, ती सरळ खाली आली, घाबरून अंग मागं टाकलं, पडली, आणि पडताना स्की पायातनं सुटली नाही. गुडघा पिरगळला. ती ओरडली तो आवाज माझ्या अजून कानात आहे. आप्पांनी तिला हलू दिलं नाही, आधी बूट सोडवला, मग गुडघा हळूहळू वाकवून पाहिला. नशिबानं सूज आली नाही आणि रात्री हॉटेलचे जिने चढता-उतरता दुखलं नाही, नाहीतर आम्ही तिथनंच परत फिरलो असतो.

त्या रात्री मिस्टर म्हणाले आता पुरे, उद्या मॉल रोड आणि हिडिंबा मंदिर करू. पण लेकच म्हणाली, मला नीट शिकायचंय. मग हॉटेलच्या मालकांना विचारलं की इथं खरोखर शिकवणारं कोण आहे. मनालीत अटल बिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था आहे, १९६१ पासूनची, ती हिवाळ्यात सोलंगला स्कीइंगचे दोन-दोन आठवड्यांचे कोर्स घेते, आणि तिथनं शिकून तयार झालेली गावातली बरीच मुलं पुढं स्वतः शिकवतात. तसा एक मुलगा आम्हाला मिळाला, पलचानचा, पंचविशीतला. पूर्ण दिवस, शिकणारे सहा जण, त्याचा एक जोडीदार मदतीला. पैसे किती ते मुद्दाम लिहीत नाही कारण बर्फ आणि गर्दी बघून रोज बदलतात, पण पूर्ण दिवसाचे माणशी पैसे आदल्या दिवशीच्या त्या वीस मिनिटांच्या दुप्पटही नव्हते. आदल्या दिवशी रात्रीच फोनवर ठरवा, त्यात स्की, बूट, पोल (हातात धरायच्या काठ्या), हेल्मेट सगळं आलं का ते स्पष्ट विचारा. हेल्मेट मागितल्याशिवाय कोणी देत नाही. आम्ही मुलांसाठी अडून बसलो तेव्हा दुसऱ्या दुकानातनं आणून दिली.

सकाळी साडेआठला निघालो. दोन दिवसांपूर्वी बर्फ पडून गेलेला, त्यामुळं नेहरू कुंडाजवळ पोलीस साध्या गाड्या थांबवत होते आणि पुढं फक्त फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर असलेल्या गाड्या, सोडत होते. हे नेहमीचंच आहे, बर्फ पडला की असंच होतं, म्हणून गाडी ठरवतानाच फोर बाय फोर आहे का विचारा नाहीतर तिथं उतरून दुसरी करावी लागते आणि तेव्हा ते म्हणतील तो भाव. नऊच्या आत पोचा. अकरानंतर पायथ्याला स्नो स्कूटर, ट्यूब, याक, फोटोवाले अशी सगळी जत्रा भरते.

त्या मुलानं पहिलं काय केलं तर आमच्या लेकीची स्की उलटीसुलटी करून बघितली, आमच्या कालच्याच दुकानातली होती. बुटाला धरून ठेवणारं जे असतं त्याला बाइंडिंग म्हणतात, त्याच्या पुढच्या आणि मागच्या भागावर एक छोटी खिडकी असते, आत आकडा दिसतो, स्क्रूनं तो कमी-जास्त होतो. माणसाचं वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि स्कीइंग कितपत येतं ते बघून तो लावायचा असतो, म्हणजे पडल्यावर ठरावीक जोर आला की स्की आपोआप सुटते आणि गुडघा वाचतो. लेकीच्या स्कीवर एखाद्या भारी गड्याचा आकडा होता. तिचं वजन बेचाळीस किलो. त्यानं काही न बोलता खिशातनं स्क्रू ड्रायव्हर काढला, आकडा खाली आणला, तिला बूट घालून उभं केलं आणि बाजूनं जोरात धक्का देऊन स्की सुटते का ते दोनदा बघितलं. मग बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ पोलच्या टोकानं खरवडून काढायला शिकवलं, कारण तळाला बर्फ राहिला तर बूट नीट बसत नाही आणि भलत्या वेळी निसटतो. आधी पुढचं टोक, मग टाच खाली दाबायची, खट्‌ असा आवाज आला पाहिजे. तो आवाज ऐकला की मला आत्ताही बरं वाटतं. तुम्ही कोणाकडंही शिका, पण हा आकडा बघायला लावल्याशिवाय पोरांना वर सोडू नका, हे हात जोडून सांगते.

पहिला तासभर आम्ही घसरलोच नाही. एका पायात स्की घालून सपाटीवर चालणं, मग दोन्ही घालून आडवं उभं राहून एकेक पाऊल चढणं, मग मुद्दाम कुशीवर पडणं आणि स्की उताराला आडव्या करून उठणं. भाओजींना वाटत होतं वेळ चाललाय, पण तो मुलगा ठाम होता, म्हणाला पहले रुकना, फिर चलना. मग स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, नांगराच्या फाळासारखा आकार करून गुडघे आत दाबायचे, की वेग कमी होतो आणि माणूस थांबतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वजन पुढं, नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकलेली पाहिजे. भीती वाटली की अंग आपोआप मागं जातं आणि मागं गेलं की स्की ताब्यात राहत नाही, आदल्या दिवशी लेकीचं तेच झालं होतं.

पोरगं अर्ध्या तासात शिकलं. मला अडीच तास लागले. पण जेवायच्या आधी एकदा मी वरनं निघाले, कोणी धरलेलं नाही, कानात फक्त वारा आणि स्कीखालचा तो खरखर आवाज, आणि जिथं थांबायचं ठरवलं होतं तिथंच थांबले, त्या लाल झेंड्यापाशी. मैत्रीण खाली उभी होती, ती आणि मी गळ्यात पडून रडलो. चाळिशीनंतर शरीराला काही नवीन शिकवता येतं हे मला माहीतच नव्हतं.

लेक मात्र सगळ्यांत शेवटी निघाली. चार वेळा वर जाऊन उभी राहिली आणि खाली बघून थांबली. कोणीही तिला चल चल म्हणलं नाही. पाचव्यांदा निघाली, फाळ करून, अगदी हळू, आणि मधे स्वतःहून दोनदा थांबून दाखवलं.

सासूबाई आणि आप्पा खाली टपरीच्या बाकावर होते. वयस्कर माणसांना नेलं तर चालतं का, याचं माझं उत्तर चालतं असंच आहे, पण त्यांना बसायला वाळलेली जागा, अंगावर घोंगडं आणि दर तासाला गरम काहीतरी पाहिजे. सासूबाईंना त्या स्कीइंगचं काही नव्हतं, त्या शेजारनं वाहणाऱ्या नाल्याकडं बघत बसल्या होत्या. टपरीवाल्या बाईनं सांगितलं की हे पाणी वरनं ब्यास कुंडाकडनं येतं, व्यासांच्या नावाचं, आणि खाली जाऊन बियास होते. आमच्या सासूबाई माहेरच्या माहुलीच्या, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर वाढलेल्या. उठल्या, काठाला जाऊन हातमोजा काढून पाण्याला हात लावला आणि डोळ्यांना लावला. त्याच बाईंनी आम्हाला सिड्डू दिले, वाफवलेले, आत अक्रोड आणि खसखशीचं सारण, वरनं तूप. सासूबाई म्हणाल्या हे तर आपल्या नागपंचमीच्या दिंडांचं भावंड आहे. तिथं गेलात तर मॅगी खाऊन परत येऊ नका, सिड्डू खा.

कपड्यांचं आप्पांनी निघायच्या आधीच सांगून ठेवलं होतं आणि त्यांचं सगळं खरं निघालं. जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही आणि पाय गारठतात. अंगाला लागून थर्मल, वर फ्लीस किंवा स्वेटर, सगळ्यात वर पाणी आत न घेणारं जॅकेट-पँट. मोजा एकच पण लोकरीचा आणि लांब, दोन-दोन घातले की बूट आवळतो, रक्त फिरत नाही आणि बोटं उलट जास्त गार पडतात, शिवाय एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा ठेवायचा. हातमोजे लोकरीचे चालत नाहीत, वॉटरप्रूफच घ्या, ते घरनं न्या, तिथले भाड्याचे ओलेच असतात. ताजा बर्फ ऊन्हातले अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, त्यामुळं थंडी असली तरी चेहरा भाजतो, सनस्क्रीन नाकाखाली आणि हनुवटीखालीही लावा आणि गॉगल पोरांनाही पाहिजे. मैत्रिणीनं गॉगल कपाळावर ठेवला होता, रात्री डोळे चुरचुरत होते. मोबाइल आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा, बाहेर बॅटरी बघता बघता उतरते. रोख पैसे जवळ असू द्या, वर नेटवर्कचा भरवसा नाही.

आणि पायांची तयारी. आम्ही तीन आठवडे रोज सकाळी अजिंक्यतारा चढत होतो, पण खरा उपयोग उतरण्याचा झाला, मांड्यांना तोच ताण येतो. सोबत भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं मिनिटभर बसायचं, रोज पाच वेळा. भाओजींनी यातलं काही केलं नव्हतं आणि त्यांना दुसऱ्या दिवशी बसच्या पायऱ्या चढवेनात.

बर्फाची खात्री डिसेंबरात नसते. जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत जा, सव्वीस जानेवारीची जोडून आलेली सुट्टी मात्र टाळा. सकाळी बर्फ कडक असतो, दुपारनंतर ऊन्हानं पाणचट होतो आणि स्की रुततात, म्हणून शिकायचं ते दोनपर्यंत उरका. चारच्या सुमारास ऊन डोंगराआड गेलं की एकदम गारठा पडतो आणि रस्त्यावर काच धरते, त्याच्या आत खाली निघा. अटल टनेलपलीकडं सिस्सूला जायचं असेल तर त्यासाठी वेगळा दिवस ठेवा, नऊ किलोमीटरचा तो बोगदा बघण्यासारखा आहे पण स्कीइंगच्याच दिवशी दोन्ही करायला गेलात तर दिवस ट्रॅफिकमधेच जातो.

निघताना त्या मुलाला आम्ही साताऱ्याहून नेलेल्या कंदी पेढ्यांचा एक पुडा दिला. त्यानं तिथंच उघडला, एक जोडीदाराला, एक टपरीवाल्या बाईंना दिला, आणि एक आमच्या लेकीच्या हातावर ठेवून म्हणाला, कल के लिए नहीं, अभी खाओ, आज तुमने रुकना सीखा.