टेबलावरचे स्पीकर: दहा बाय दहाची खोली आणि दहा हजारांचं बजेट

लातुरात कॉम्प्युटरसाठी स्पीकर मागितले की दुकानदार आधी वॅट सांगतो. गंजगोलाईच्या आसपासची चार दुकानं फिरलो, चारही ठिकाणी खोक्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं गेलं. "चार हजार वॅट हाय साहेब, गल्ली हालती." हा आकडा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभरासाठी सांगितलेल्या कमाल ताकदीचा असतो. तो कसा मोजायचा याला काही नियमच नाही, म्हणून तो कितीही लिहिता येतो. खोका राहू द्या, सेट उलटा करून मागची पट्टी वाचा. तिथं 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ आणि शेवटी किती वॅट हे लिहिलेलं असतं. पट्टीवर 40 वॅट असेल तर तो सेट सलग 40 पेक्षा जास्त देऊ शकत नाही, आणि उष्णतेत जातं ते वेगळंच. विचारायचा तो आरएमएस वॅट, म्हणजे सलग देता येणारी ताकद.

तोही किती लागतो? टेबलावरचा साधा स्पीकर 1 वॅटमध्ये 1 मीटरवर साधारण 85 डेसिबल देतो. आपण बसतो 70 सेंटिमीटरवर, तिथं ते 88 होतात. 88 डेसिबलला शेजारच्या खोलीतून हाक येते. वॅट दुप्पट केले की फक्त 3 डेसिबल वाढतात. म्हणजे प्रत्येक बाजूला 15-20 वॅट आरएमएस असले की गाण्यातला अचानक येणारा ठोकाही न फाटता निघतो. त्यापुढचे पैसे वॅटवर घालण्यात अर्थ नाही, ते वूफरच्या (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याच्या) आकारावर आणि लाकडी खोक्यावर घालावेत.

दुकानात जाण्याआधी टेबल मोजलं होतं, आणि पुढचे सगळे निर्णय त्या मोजमापानंच झाले. टेबल 4 फूट बाय 2 फूट. 24 इंची मॉनिटर साधारण 54 सेंमी रुंद. त्याच्या दोन्ही बाजूंना 15 सेंमी रुंदीचे स्पीकर ठेवले की दोघांच्या मध्यापासून मध्यापर्यंत 70 सेंमी होतात. डोकंही प्रत्येक स्पीकरपासून 70 सेंमीवर आलं पाहिजे, म्हणजे समभुज त्रिकोण. स्पीकर 20 सेंमी खोल, मागे भिंतीपासून 10 सेंमी मोकळे. हिशेब केला तर डोकं भिंतीपासून 90 सेंमीच्या आसपास येतं, टेबलाच्या कडेपासून फूटभर मागे. वूफर 5 इंची घेतला असता तर खोका रुंद झाला असता, आणि 70 सेंमी राखायचे तर स्पीकरची आतली कड मॉनिटरच्या मागे गेली असती. म्हणून 4 इंच ही वरची मर्यादा ठरली.

आता पर्याय. सगळ्यात स्वस्त म्हणजे यूएसबीवर चालणारी छोटी जोडी. क्रिएटिव्ह पेबल हे त्यातलं प्रामाणिक उदाहरण: सव्वादोन इंची ड्रायव्हर (आवाज काढणारा पडदा), 45 अंशात वर वळलेले, आणि कंपनी स्वतःच 100 हर्ट्झपासून पुढे असं सांगते (हर्ट्झचा आकडा जितका लहान तितका स्वर खालचा). बोलणं, बातम्या, व्याख्यानं, रात्री हळू आवाजात गाणी, एवढ्याला ते पुरे. पण याच आकाराच्या एका बेनावाच्या जोडीवर 20 वॅट लिहिलेलं होतं. साध्या यूएसबी 2.0 पोर्टमधून 5 व्होल्ट आणि 500 मिलीअँपिअर मिळतात, म्हणजे अडीच वॅट. अडीच आत गेले तर वीस बाहेर कुठून येणार? तबल्याच्या बायावर जोराची थाप पडली की तिथंच आवाज फाटत होता.

दुसरा पर्याय 2.1, म्हणजे दोन लहान स्पीकर आणि खाली वूफरचा डबा. गावात खपतो तो हाच. अडचण अशी की लहान स्पीकर दोन-अडीच इंची असले की 200 हर्ट्झच्या खालचं त्यांना झेपत नाही, ते सगळं डब्याकडे जातं. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर 85 ते 180 हर्ट्झमध्ये असतो. मग गायक अर्धा टेबलावरून गातो आणि अर्धा पायाखालून. कीर्तनाचं रेकॉर्डिंग लावलं की हे लगेच कळतं: बुवांचा गळा पातळ आणि पखवाज टेबलाखाली. 4.1 आणि 5.1 च्या होम थिएटर सेटबद्दल एकच सांगतो. त्यातल्या बऱ्याच सेटला ऑक्सची, म्हणजे हेडफोनसारखी 3.5 मिलिमीटरची, एकच पिन असते, म्हणजे कॉम्प्युटरकडून फक्त डावा-उजवा आवाज जातो आणि मागचे स्पीकर पुढचंच पुन्हा वाजवतात. गेममध्ये मागून येणारा शत्रू त्यानं कळत नाही.

2.1 नाकारण्याचं खरं कारण मात्र खोली. 10 फूट म्हणजे 3.05 मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींत जो स्वर अडकून घुमतो तो 343 भागिले 6.1, म्हणजे 56 हर्ट्झ. खोली दहा बाय दहा असेल तर दोन्ही जोड्यांचा हाच आकडा येतो, आणि आपल्याकडे स्लॅबही दहा फुटांवरच टाकतात. म्हणजे तिन्ही दिशांनी एकच स्वर. आवाजासाठी याहून वाईट खोली मुद्दाम बांधूनही मिळायची नाही. कोपऱ्यात वूफरचा डबा ठेवला की नेमका तो 56 जोरात उठतो, बाकीचा बेस मागे राहतो, आणि प्रत्येक गाण्यात एकच धुम्म ऐकू येतं. जुन्या माळवदाच्या घरात, मातीच्या जाड भिंती आणि वर लाकडी तुळया, तिथं हे कमी जाणवतं. पत्र्याच्या खोलीत उलट: बेस बाहेर निघून जातो, पण पत्रा आणि त्याचे हुक थरथरतात. शिकायला येऊन पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या पोरांनी वूफर घेऊच नये, घरमालक दुसऱ्या दिवशी येतो.

तर राहिला तिसरा पर्याय: लाकडी म्हणजे एमडीएफच्या खोक्यातली 2.0 जोडी, साडेतीन किंवा चार इंची वूफर आणि उंच स्वरांसाठी वेगळा छोटा पडदा, म्हणजे ट्वीटर. एडिफायर आर1280टी हे या गटाचं माप धरता येईल: 4 इंची वूफर, 13 मिलिमीटरचा ट्वीटर, प्रत्येक बाजूला 21 वॅट, बेस-ट्रेबलची बटणं, आरसीएचे (लाल-पांढऱ्या गोल पिनांचे) दोन इनपुट. प्रीसोनस एरिस ई3.5 साडेतीन इंची, कंपनीच्या सांगण्याप्रमाणे 80 हर्ट्झपासून पुढे. भाव दर सणाला बदलतात आणि मॉडेलंही, म्हणून नावाऐवजी चार गोष्टी पक्क्या केल्या होत्या: वेगळा ट्वीटर, लाकडी खोका, आरएमएस लिहिलेला, आणि वायरनं जोडायचे दोन इनपुट. ब्लूटूथ असलं तरी हरकत नाही, पण त्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत. साध्या ब्लूटूथवर आवाज 150 ते 250 मिलिसेकंद मागे पडतो. गेम 60 फ्रेमवर चालतो तेव्हा एक फ्रेम 16.7 मिलिसेकंदांची असते. गोळी लागून दहा फ्रेम उलटतात आणि मग आवाज येतो.

दुकानात ऐकायला स्वतःच्या पेनड्राइव्हमध्ये तीन रेकॉर्डिंग नेली होती. एक हलगीचं, कारण हलगीचा ठोका तुटक आणि कोरडा असतो. स्वस्त स्पीकरवर तो पसरट, पुठ्ठ्यावर मारल्यासारखा येतो. दुसरं भजनाचं, टाळांसाठी. टाळ दोन मिनिटांत कानाला टोचायला लागले तर ट्वीटर हलका समजायचा. तिसरं एकट्या माणसाचं बोलणं, मोनो. ते दोन स्पीकरच्या बरोबर मधून, जिथं काहीच ठेवलेलं नाही तिथून यायला हवं. दुकानदार बेस-ट्रेबल दोन्ही पूर्ण फिरवून ठेवतात, आधी ते मधोमध आणायचे. मग गाणं थांबवून आवाज पूर्ण वाढवायचा आणि कान ट्वीटरपाशी न्यायचा. बारीक सुस्कारा चालतो, हातभर अंतरावरूनही ऐकू आला तर नको.

जुना सेट घेत असाल तर वूफरच्या कडेची गोल पट्टी बघा. फोमची असेल तर दहा-पंधरा वर्षांत तिचा भुगा होतो, रबराची टिकते. वूफरचा कागदी पडदा दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा; आत खरवडल्यासारखं वाटलं तर कॉइल घासतेय, सोडून द्या.

जोडणीत पहिली चूक पिनेची होते. 3.5 मिलिमीटरची पिन मदरबोर्डच्या मागच्या हिरव्या भोकात लावायची, दुसऱ्या टोकाच्या दोन आरसीए पिना स्पीकरला. कॅबिनेटच्या पुढच्या भोकाची वायर आतून पंख्यांजवळून येते, माउस हलवला की बारीक शिट्टी ऐकू येते ती बहुधा तिथली. दुसरी चूक दोन स्पीकरमधल्या वायरची. टोक 10 मिलिमीटर सोलायचं, तार पिळून चापात अडकवायची, लाल लालला आणि काळी काळीला. एका बाजूला उलटी लागली तरी आवाज येतोच, त्यामुळे चूक कळत नाही. पण बेस नाहीसा होतो आणि बोलणं मध्यातून न येता डोक्याभोवती तरंगतं.

बसलं की कान टेबलापासून 40-45 सेंमी वर असतात आणि ट्वीटर जेमतेम 18 वर. सरळ ठेवले तर उंच स्वर छातीवर येतात, शिवाय टेबलावरून उसळलेला आवाज मूळ आवाजात मिसळून गायकाचा गळा चोंदल्यासारखा होतो. तयार स्टँड महाग. मी प्रत्येक स्पीकरखाली दोन पक्क्या विटा आडव्या ठेवल्या, म्हणजे साधारण 15 सेंमी, वर जुन्या चादरीचं कापड गुंडाळून. वीट आणि स्पीकर यांच्यामध्ये हवाई चपलेच्या तळव्याचे चौकोनी तुकडे, पुढे दोन थर आणि मागे एक. त्यानं तोंड थोडं वर होतं आणि टेबलाचा थरथराटही थांबतो. माझ्या जोडीला बेसचं भोक मागे आहे, भिंत 10 सेंमीवर, त्यामुळे 56 चं धुम्म थोडं राहिलंच. भोकात भांडी घासायचा मऊ स्पंज सैलसर सारला तेव्हा ते उतरलं. झुरळं आणि पालीची पिल्लं आत जाणंही त्यानं बंद झालं, आपल्याकडे हा फायदा छोटा नाही. बसायच्या जागेमागच्या भिंतीवर गोधडी टांगली. गोधडी बेस अडवत नाही, पण टाळांची किणकिण कमी करते.

विंडोजमध्ये आवाज 80-90 वर ठेवून बाकीचं स्पीकरच्या बटणानं करायचं. उलटं केलं तर सुस्कारा वाढतो. 'स्टिरिओ' निवडायचं, 48 किलोहर्ट्झ ठेवायचं. हेडफोनसाठीचा 'विंडोज सॉनिक' बंद. व्हॅलोरंट या गेममध्ये एचआरटीएफ (आवाजाची दिशा भासवणारा पर्याय) बंद, तो हेडफोनसाठीच आहे, स्पीकरवर दिशा बिघडते. 'लाउडनेस इक्वलायझेशन' लावलं की गेममधली पावलं ठळक होतात, पण गाण्यातला हळू आणि मोठा हा फरकच जातो. गेम संपला की काढायचं. दोन स्पीकरवर डावं-उजवं छान कळतं, पुढचं-मागचं नाही. रँकसाठी खेळत असाल तर हेडफोनच लावा.

एवढं करूनही गुणगुण होती. शोधायची रीत सोपी. ऑक्सची वायर कॉम्प्युटरकडून काढायची. गुणगुण तशीच राहिली तर दोष स्पीकरचा, थांबली तर कॉम्प्युटरकडून येतेय. माझी थांबली. फक्त इन्व्हर्टरवर असतानाच गरगर येत असेल तर तो इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असणार, आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर असलेले स्पीकर त्यावर हमखास कुरकुरतात. तिथं साइन वेव्हशिवाय इलाज नाही. इथं मात्र लाईट असतानाही आवाज होता आणि कॅबिनेटला उघडा हात लावला की मुंग्या येत होत्या. ही अर्थिंग नसल्याची खूण. वायरमननं मीटर लावला: फेज-न्यूट्रल 228, फेज-अर्थ 120, न्यूट्रल-अर्थ 108. शेवटचा आकडा दोन-तीनच्या आत हवा. अर्थ सुटा असला की एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायचा, गळका करंट कॅबिनेटवर चढतो आणि ऑक्सच्या वायरच्या बाहेरच्या जाळीतून स्पीकरमध्ये उतरतो. दुकानात यावर ऑक्सच्या वायरमध्ये लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो. त्यानं गुणगुण जाते, पण खालचा बेस थोडा कापला जातो आणि कॅबिनेटवरचा करंट तसाच राहतो. काही जण प्लगची तिसरी पिन तोडतात, ते कधीच करू नये.

दोष अर्थिंगच्या खड्ड्यात होता. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, माती पाइपपासून सुटते, खड्डा कोरडा पडतो. वायरमननं गंजलेली वायर बदलली, कोळसा आणि मीठ पुन्हा भरलं, आणि मार्चपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायला सांगितलं. 2016 साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तिथं जमिनीत पाणी ओता म्हणणं जिवावर येतं. म्हणून आरओचं वाया जाणारं पाणी आणि कूलरच्या तळाचं खारट पाणी खड्ड्यात जातं. क्षार जास्त, त्यामुळे ते वीज वाहायला उलट बरं. आता न्यूट्रल-अर्थ 1.8 आहे. मे महिन्यात एकदा पाणी ओतायचं राहिलं तर तो 9 वर गेला होता, आणि मीटर लावायच्या आधीच स्पीकरनं ते सांगितलं होतं.